माणशी दोन बादल्या

फणसेकाका चांगले होते, असं माझ्याकडून कुणी वदवून घेऊ नये. मागच्या रविवारी कॉलनीच्या समितीची चार माणसं घरी आली. पंपरूमच्या भिंतीवर काकांचा फोटो लावायचाय म्हणाली, खाली मराठीत दोन-चार ओळी पाहिजेत. "मॅडमजी, तुम्हीच लिहा. तुम्ही खास महाराष्ट्राच्या, आमच्या मराठीची तर पूरी खिचडी आहे." मी हो म्हटलं. काकांना जाऊन तीन महिने झालेत, फोटोला नाही कशाला म्हणा. संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि पहिली ओळ झटक्यात लिहिली : यांच्यामुळे दुष्काळातही आमच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं. ही ओळ शंभर टक्के खरी आहे. दुसरी ओळही तितकीच खरी आहे, पण ती फोटोखाली लिहिता येत नाही. म्हणून ती इथे लिहिते.

आमची कॉलनी इंदूरला, हातोद रोडवर. पाच गल्ल्या, ऐंशी घरं, दोन बोअर आणि एक उंच टाकी. नवऱ्याची बदली मानपूरजवळच्या हायवेच्या कामावर झाली, मला इथल्या कॉलेजात नोकरी मिळाली, आणि आम्ही सांगलीचं बिऱ्हाड उचलून इथे आलो. सामान लावून झालं तशी मी नळाला पाइप लावून व्हरांडा धुवायला घेतला. कुठूनसा एक उंच, वाळका म्हातारा आत आला. कानावर पेन्सिल, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. त्याने माझ्या हातातला पाइप घेतला, मधोमध दुमडला आणि तसाच धरून उभा राहिला. पाणी बंद.

"फरशीला तहान लागली का मॅडमजी?"

"आपण कोण?"

"मोरेश्वर फणसे. कॉलनीचं पाणी बघतो. तुम्ही कुठल्या?"

"सांगलीची."

"हां, नदीकाठच्या. तरीच." एवढं म्हणून त्यांनी स्वतःच नळ बंद केला आणि निघून गेले. मला हसूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले तर गेटजवळच्या फळ्यावर टपोऱ्या, वळणदार अक्षरांत माझं नाव. वर मथळा : 'काल पाणी सांडलेली घरं'. खाली : 'घर ३१, सौ. जोशी, फरशी'. बस थांब्यावर उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. कॉलनीत माझी ओळख अशी झाली.

तो फळा ही काकांची तोफ होती. दंडबिंड ते कुणाला करत नसत. म्हणायचे, "पैसा भरला की माणूस मोकळा होतो. लाज वाटली की लक्षात राहतं." सरकारी खात्यात पाइपलाइनी टाकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पणजोबा होळकरांच्या पागेत, आणि त्यांच्याकडे काम एकच, घोड्यांना पाणी दाखवण्याचं. हे काका दर नव्या माणसाला ऐकवायचे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली नदीला पाणी कमी असलं की पणजोबा आधी लंगडं घोडं पाण्यावर नेत, मग धडधाकट, आणि सरदाराचं सगळ्यात शेवटी. "सरदार चिडायचे. पण पागा जगली ना?" असं म्हणून स्वतःच मान हलवायचे.

रोज सकाळी सहाला ते लाइनचा वॉल्व्ह उघडत. मग एक पितळी गडू घेऊन चालत पाचव्या गल्लीच्या टोकाला जात. तिथलं शेवटचं घर गेंदाबाईचं. ती कपड्यांना इस्त्री करायची, एक खोली, पत्र्याचं छत, आणि दारात एकच नळ. काका तो गडू तिच्या नळाखाली धरायचे आणि मोजायचे. दहाच्या आत भरला तर सगळं ठीक. दहाच्या वर गेला की वर कुणीतरी लाइनला मोटर लावून पाणी ओढतंय. मग ती काठी कामाला लागायची. काठीचं एक टोक घरासमोरच्या पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे. आत मोटर चालू असली की काठीतून ऐकू येते म्हणे. एक घर, दुसरं घर, तिसरं घर. कुणी काही सांगायला आलं, पाणी कमी आलं, उशिरा आलं, तर त्यांचं ठरलेलं उत्तर : "आखरी नळाला विचारा."

गेंदाबाई माळवीत बोलायची. एकदा साड्या द्यायला आली तेव्हा मी काकांच्या नावाने बोटं मोडत होते. ती म्हणाली, "बई, म्हारा घर तक पाणी तो यो डोकरो ज लावे है." हा म्हातारा आहे म्हणून माझ्या घरापर्यंत पाणी येतं. त्याच्या आधी तिला सहा वर्षं दुसऱ्याच्या दारात कळशी घेऊन उभं राहावं लागलं होतं.

पण माणूस निर्दय होता तो होताच. दुसऱ्या गल्लीत बंटी भिया राहतो, इकडे भैयाला भियाच म्हणतात. प्लॉटचा धंदा, दारात पांढरी जीप, गळ्यात साखळी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं इंदूर यानेच वसवलं. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळी गडू दहाला भरेना. काकांनी काठी टेकवत टेकवत बंटीचं दार गाठलं. आत ढोलक चालू, पन्नास पाहुणे, आणि जिन्याखाली मोटर. काकांनी वाद घातला नाही. रस्त्यावरचं झाकण उघडलं आणि बंटीच्या घराची जोडणी पाना लावून बंद केली.

बंटी धावत आला. "काका, बहन की शादी है! कुछ तो शरम करो!"

"मोटर तुम्ही लावायची आणि शरम मी करायची? वा रे भिया." पाना खिशात घालून काका चालू पडले.

टँकर यायला संध्याकाळ झाली. तोवर नवरी हळदीने माखून एका पाटावर बसून राहिली. अंग खाजायला लागलं तशी रडायला लागली. शेवटी दुकानातून बाटल्या आणून तिला पुसून काढली. कॉलनीत आम्ही सगळे हसलो, खोटं कशाला बोलू. बंटीची जिरली म्हणून मीही हसले. त्या पोरीने कुणाचं काय केलं होतं, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. दुसऱ्याची लाज निघत असली की फळा किती छान वाटतो.

काकांच्या बायकोचं नाव शरयू. शरयूकाकू महूच्या. मी आले तेव्हा हिंडत्या-फिरत्या होत्या, मला पोह्यांवर टाकायची जिरावण त्यांनीच शिकवली. काळेभोर केस, पासष्टीतही कमरेखाली. "या केसांवरच भाळला होता बघ हा," असं त्या नवऱ्यासमोर म्हणायच्या, आणि कडक फणसेकाकांची मान खाली जायची. दर रविवारी गच्चीवर काकू पाटावर बसायच्या आणि काका तांब्याने त्यांच्या केसांवर पाणी घालायचे. सावकाश, बोटांनी केस मोकळे करत. आमच्या गच्चीवरून दिसायचं. मी माझ्या नवऱ्याला बोलावून दाखवलं होतं, बघा, शिका काहीतरी. मग काकूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्या पलंगाला खिळल्या. मुलगा परदेशात. काका सगळं हाताने करायचे, अंग पुसणं, चादरी बदलणं, भरवणं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही सांगितलं पाहिजे.

आणि मग तो उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस जेमतेम झालेला. होळीच्या सुमाराला एका बोअरने राम म्हटला. दुसरी चालू होती, पण तासभर चालली की गढूळ यायला लागायची. शेजारच्या दोन कॉलन्यांत टँकरवरून हाणामाऱ्या झाल्या. काकांनी मारुतीच्या ओट्यावर मीटिंग घेतली आणि लाइन बंद करून टाकली. आता नळाला पाणी नाही. सकाळी टाकीखालच्या तोटीवर रांगेत यायचं, माणशी दोन बादल्या घेऊन जायच्या. पिण्याचा एक हंडा वेगळा. रांग पाचव्या गल्लीपासून सुरू होणार. पाहुण्यांना वाटा नाही. आपला वाटा दुसऱ्याला द्यायचा नाही, उरला तर टाकीत परत. "आज देवाण-घेवाण, उद्या धंदा. पाण्याचा बाजार मी इथे भरू देणार नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागून बंटी भिया उठला. म्हटलं, हा आता जुना राग काढणार. पण तो म्हणाला, "काका, एक बात. काकीजी बिस्तर पे हैं. उनके लिए दो बाल्टी ज्यादा रख लो. किसी को दिक्कत है क्या?"

कुणालाच नव्हती. बायका तर लगेच म्हणाल्या, हो हो, घ्याच. त्या क्षणी मला बंटीबद्दल केवढं बरं वाटलं.

"मला दिक्कत आहे," काका म्हणाले. "पेशंट म्हणजेही एकच माणूस. आज माझ्या घरात पेशंट धरला, तर उद्या ऐंशी घरांत ऐंशी पेशंट निघतील."

आणि निघालेच ना! त्याच आठवड्यात दोघे जण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन तोटीवर हजर. एकाला त्वचारोग, एकाला मूळव्याध. काकांनी चिठ्ठ्या घडी करून त्यांच्या हातात परत दिल्या. "माझ्या घरात खरा पेशंट आहे. त्याला जास्त नाही, तुम्हाला कुठून देऊ?" सगळ्यांची तोंडं त्यांनी बायकोला पुढे करून बंद केली.

काकूंच्या दोन बादल्यांवर त्यांनी लाल रंगाचा पट्टा ओढला होता, स्वतःच्या दोन्हींवर निळा. लाल पाण्यात काकूंचं अंग पुसणं आणि चादरी. निळ्यात त्यांची अंघोळ आणि घरची भांडी. निळ्यातलं तांब्याभर उरलं तर ते टाकीखालच्या हौदात ओतून यायचे, पण लाल बादलीत टाकायचे नाहीत. काकूंना दिवसातून दोनदा चादर बदलावी लागायची. दोन बादल्या त्यातच संपायच्या. केसांवरून पाणी पडायचा प्रश्नच नव्हता.

मी अधूनमधून बसायला जायचे. काकूंच्या त्या केसांच्या जटा झाल्या होत्या. उशीला वास यायचा. डाव्या हाताने त्या सारखं डोकं खाजवायच्या. जड जिभेने म्हणायच्या, "बाकी काही नको गं मला. एक बार डोक्यावरून न्हायचंय. बस."

"काकांना सांगितलंत?"

"म्हणतो, पाऊस आला की. पाऊस येईल गं. मी असेन का?"

मे महिन्याच्या एका दुपारी काका पंप दुरुस्त करून घ्यायला टाकीवर होते. मी त्या दिवशी अंघोळ केली नाही. वाचवलेली माझी एक बादली उचलली आणि काकूंकडे गेले. त्यांना पलंगाच्या कडेला सरकवलं, डोकं बाहेर घेतलं, खाली टब ठेवला. पहिला मग ओतला तेव्हा त्या बाईने जो सुस्कारा टाकला तो अजून माझ्या कानात आहे. दुसरा मग घातला. शॅम्पूच्या दोन पुड्या फोडून चोळायला लागले, फेस आला, काकू डोळे मिटून हसत होत्या. तोंड वाकडं झालेलं, तरी हसू ओळखू येत होतं.

"कुणाचं पाणी?"

काका दारात उभे.

"माझं," मी म्हटलं. "माझ्या वाट्याचं आहे. मी आज अंघोळ केलेली नाही."

"वाटा दुसऱ्याला देता येत नाही. मीटिंगमध्ये तुम्ही पण मान हलवली होती."

"काका, डोक्याला साबण लावलाय हो! एवढं धुऊन होऊ दे, मग काय लिहायचं ते लिहा फळ्यावर."

त्यांनी बादली उचलली. पाऊणएक भरलेली होती. एक थेंब न सांडता ती घेऊन बाहेर पडले, आमच्या घरापर्यंत गेले आणि माझ्या पायरीवर ठेवून परत आले. मी त्याच जागी उभी, हाताला फेस. मी बेचाळीस वर्षांची बाई, वर्गातल्या साठ पोरांना एका नजरेत गप्प करते. एका म्हाताऱ्याच्या हातातली बादली मला धरून ठेवता आली नाही. का नाही आली? खरं सांगू, माझ्या मनात त्या वेळी फळाच होता. काका टॉवेल घेऊन काकूंचं डोकं पुसायला लागले. फेस पुसला गेला, साबण केसांतच जिरला. काकू मला म्हणाल्या, "जा तू. हा आता ऐकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं : 'घर ३१, वाट्याचं पाणी दुसऱ्या घरात'. ते मी सोसलं असतं. पण सकाळी रांगेत, सगळ्यांच्या देखत, काकांनी काकूंच्या भरलेल्या लाल बादलीतून दोन मग पाणी काढलं आणि हौदात परत ओतलं. "काल दोन मग जादा वापरले गेले," एवढंच म्हणाले. मी रांगेत होते. बंटी होता, गेंदाबाई होती, पन्नास माणसं होती. कुणी हूं की चूं केलं नाही. मेलं हे काय माणूस आहे, असं मी मनात म्हटलं, माझ्या दोन बादल्या भरल्या आणि घरी आले.

त्यानंतर मी काकूंकडे गेले नाही. आपण चांगुलपणा करायला जावं आणि त्याचा भुर्दंड त्या बाईने भरावा, हे एक कारण. ते मी सगळ्यांना सांगायचे. दुसरं कारण, मला त्यांच्या डोक्याकडे बघवणार नव्हतं. गेंदाबाई इस्त्रीचे कपडे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "बई, काकीजी केवे, एक दफे आ जा." काकूंनी एकदा येऊन जा म्हणून निरोप दिला होता. परीक्षांचं काम आहे म्हणून सांग, असं मी म्हटलं. नऊ दिवस मला परीक्षांचं काम होतं.

दहाव्या दिवशी सकाळी मी रांगेत असतानाच गेंदाबाई धापा टाकत आली. काकूंच्या घरी डोकावली होती, काकू उठत नव्हत्या. काका तोटीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर यादी. क्षणभर ते यादीकडेच बघत राहिले. मग यादी बंटीच्या हातात दिली, "कुणालाही जास्त नाही" म्हणाले, भरून ठेवलेल्या दोन्ही लाल बादल्या उचलल्या आणि घराकडे निघाले. धावले नाहीत. धावले असते तर पाणी सांडलं असतं.

बातमी गल्ल्यांमधून फिरली आणि मग मी जे पाहिलं ते इथे येऊन आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. घराघरातून माणसं बादल्या घेऊन यायला लागली. पहिल्या गल्लीतून, दुसऱ्या गल्लीतून. कुणी हंडा, कुणी रंगाचा डबा, कुणी पिंप दोघांनी धरून. शेवटची अंघोळ तरी बाईला नीट मिळू दे. मीही आणली एक. काकांच्या दारात, व्हरांड्यात, पार फाटकापर्यंत भरलेल्या बादल्यांची रांग लागली. रोज माणशी दोन बादल्यांत भागवणाऱ्या लोकांकडे इतकं पाणी आलं कुठून, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

काका उंबरठ्यात उभे होते. त्यांनी त्या सगळ्या बादल्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "तिचा आजचा वाटा आत आहे. दोन बादल्या."

"काकाजी, आज तो रहने दो," बंटी हात जोडून म्हणाला.

"दोन," काका म्हणाले.

आम्ही चार बायका आत गेलो. काकूंना न्हाणीघरात घेतलं. एक लाल बादली अंगाला गेली. दुसरीतला पहिला तांब्या मी डोक्यावर ओतला, आणि फेस आला. त्या दुपारचा साबण, माझ्या हातचा. तांब्या ओतावा आणि फेस यावा, आणखी ओतावा आणि आणखी यावा. पांढराशुभ्र फेस, कपाळावरून, कानांतून, मिटलेल्या डोळ्यांवरून खाली. लाल बादली रिकामी झाली तरी केसांतून फेस येतच होता. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले.

"काका, एक बादली. फक्त एक. डोक्याचा साबण जात नाहीये."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. फेस कोपरापर्यंत होता. त्यांना कळलं. शपथेवर सांगते, त्या माणसाला कळलं, कारण त्यांचा चेहरा विटला. दाराशी त्यांच्या निळ्या पट्ट्याच्या दोन बादल्या भरलेल्या होत्या, बंटीने मागून आणून ठेवलेल्या. मी त्यांच्याकडे बोट केलं.

"त्या माझ्या," काका म्हणाले. "मला स्मशानातून आल्यावर लागतील."

बाहेर पाण्याच्या भरलेल्या बादल्यांमागे तेवढीच माणसं उभी होती. एक म्हातारा दारात. एकाने त्याला बाजूला ढकललं असतं तर संपलं असतं. काकांना दोष देणं सोपं आहे, मी रोज देते. पण उंबरठा ओलांडून एकही बादली आत आली नाही, त्यात माझीही होती. मी आत परत गेले आणि पदराने फेस पुसला. शरयूकाकू गेल्या त्या डोक्यात साबण घेऊन गेल्या.

स्मशानातून माणसं परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर त्याच टपोऱ्या अक्षरांत मथळा होता : 'पाणी साठवलेली घरं'. खाली ज्यांनी ज्यांनी बादल्या आणल्या होत्या त्या सगळ्यांची नावं. उंबरठ्यात उभं राहून त्यांनी ती टिपून घेतली होती. एकतिसाव्या घराचं नाव होतं. बंटीचं होतं. फक्त गेंदाबाईचं नव्हतं, कारण ती रिकाम्या हाताने आली होती. तिच्याकडे खरंच पाणी नव्हतं.

बोअर टिकली. शेजारच्या कॉलन्या रिकाम्या झाल्या, लोक नातेवाइकांकडे राहायला गेले, आमच्या पाचव्या गल्लीला मात्र पाऊस येईपर्यंत एक दिवस पाणी चुकलं नाही. पाऊस आला, टाकी भरली, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये आम्ही सगळ्यांनी हात वर करून काकांना काढून टाकलं. काकांनी वॉल्व्हची किल्ली टेबलावर ठेवली आणि गडू घेऊन घरी गेले. मागाहून नर्मदेची लाइनही आली. आता आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ धो धो पाणी असतं. अंगणं धुतली जातात, जिपा धुतल्या जातात. फळ्यावर शिकवणीच्या जाहिराती असतात.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. त्यानंतर ते घराबाहेर दिसलेच नाहीत, आणि हिवाळ्यात गेले. त्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या बससाठी गेटकडे चालले होते. ते आपल्या व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते, उघडेबंब, कमरेला पंचा. मागे नळ चालू होता, मोलकरीण भांडी घासत होती. काकांच्या डोक्यावरचे चार केस पांढरे दिसत होते, पण नेहमीचे पांढरे नव्हेत. साबण होता. वाळून पापुद्रे सुटलेले, कानामागे, मानेवर, भुवयांवर. पोरं फाटकातून बघून फिदीफिदी हसत होती. "रोज ज यूं करे," गेंदाबाई मला आधी एकदा म्हणाली होती. हा रोज असंच करतो, साबण लावतो आणि उठतो. म्हाताऱ्याला भ्रम झाला, असं कॉलनीत सगळे म्हणत होते.

मी फाटकाशी थांबले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलले त्यांच्याशी.

"काका, डोक्याला साबण राहिलाय."

त्यांनी वर पाहिलं. डोळे अगदी शाबूत होते, भ्रमबिम काही नव्हतं त्यात.

"असू दे, मॅडमजी," ते म्हणाले. "वाटा संपला."

माझ्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. बस आली होती. मी बसमध्ये चढले.